पेटीचा घोगरा आवाज

“हुर्रऽऽ हा! हाऽ हाऽ हाऽऽ हुर्रऽऽ!”

मायाक्का माळ्यावर उभी राहून ओरडत होती आणि मी खाली ज्वारीत हात उंच करून, मोबाईल तिच्या तोंडाच्या दिशेनं धरून उभा होतो. खांद्याला रग लागली होती. माळा म्हणजे चार मेढी रोवून, वर फळ्या आणि कडबा टाकून केलेली राखणीची जागा. ज्वारी दाण्यात आली की कुणीतरी तिथं सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसायचं, ओरडायचं, गोफणीनं खडे भिरकवायचे. नाहीतर भोरड्यांचा एक थवा उतरला की घटकाभरात कणसांची नुसती बोंडं राहतात. मेटकऱ्यांच्या रानात ते ‘कुणीतरी’ म्हणजे मायाक्का. इयत्ता चौथी, माझा वर्ग. हजेरीत तिच्या नावापुढं संक्रांतीपासून नुसत्या फुल्या.

“अजून?” तिनं वरून विचारलं.

“अजून. जरा वेगवेगळं ओरड. एकसारखं नको.”

“गोफणीचा आवाज काढू?”

“काढ.”

तिनं आधी राघूंसाठी वेगळी, चिमण्यांसाठी वेगळी आणि भोरड्यांसाठी खास ठेवणीतली आरोळी दिली. मग पत्र्याचा डबा बडवला. शेवटी तोंडानं गोफणीचा सटाका काढला. समोरच्या बाभळीवरचा थवा खरोखरच उडाला. मग ती फळीवर बसली, पाय खाली सोडले आणि घसा खाकरून म्हणाली, “गुरुजी, एवढं बास? मग मी उद्यापासून येऊ ना शाळेत?”

“थांब गं, आधी हे बंद कुठनं होतंय ते बघू दे!” मी म्हणालो. त्या काळी मोबाईलला बटणं असायची आणि माझ्या मोबाईलवरची चित्रं केव्हाच झिजून गेली होती.

कल्पना माझीच होती. सांगोल्याच्या बाजारात एक भाजीवाला गाडीवर छोटा कर्णा लावून बसला होता. स्वतः निवांत चहा पीत होता आणि कर्णा ओरडत होता, ‘या ताई, या मावशी, ताजी मेथी!’ मी तिथंच थबकलो. मेथी विकायला माणसाची गरज नसेल, तर पाखरं हाकलायला पोरीची का असावी? तसलीच एक पेटी मी घेतली. मागं बारीक खाच, त्यात मेमरी कार्ड घालायचं, बटण दाबायचं. तेच तेच पुन्हा पुन्हा, दिवसभर.

मायाक्काचा बाप बिराप्पा याला मी पारावर गाठलं. बिराप्पा म्हणजे धिप्पाड गडी, झुपकेदार मिशा. त्यानं बांधावरून हाक मारली तर माळावरची मेंढरं चरायची थांबायची.

“बिराप्पा, स्कॉलरशिपची परीक्षा महिन्यावर आली. तुझी पोरगी पास होण्यातली आहे. तिला सोड.”

“सोडतो की. राखण कोण करंल? तिची आय डाळिंबाच्या पॅकिंगला जाती. मी मेंढरांमागं.”

“तू बस दिवसभर. मेंढरं भावाकडं दे.”

पारावरची मंडळी हसली. बिराप्पानं मिशीवरून हात फिरवला. “गुरुजी, माळ्यावर बसायचं काम बायापोरांचं. मी तिथं बसून चिमण्या हाकलायला लागलो तर ही मंडळी मला नथ आणून देतील.”

त्याच्या शेजारच्या रानाचा मालक दगडू गावडे लगेच म्हणाला, “देतो की. माझ्याकडं हाय एक जुनी.”

तेव्हा मी पेटी काढून दाखवली. बिराप्पानं ती उलटीसुलटी केली. “ही बोलंल?”

“मायाक्काच्याच आवाजात बोलेल.”

“बोलली तर पोरगी शाळंत. शबूद.”

बापाकडून झालं. खरी अडचण पोरीची होती. आदल्या वर्षी मी तिला गॅदरिंगच्या नाचासाठी आग्रहानं बोलावून घेतलं होतं. त्या दिवशी भोरड्यांनी रानाची वरची पट्टी झाडून नेली. “आण्णा मला काही बोलले नाहीत, गुरुजी,” तिनं बापाबद्दल मला सांगितलं होतं. “रागावले असते तर बरं झालं असतं.” त्यानंतर बापानं ‘जा’ म्हटलं तरी ती माळा सोडायची नाही. मी एकदा घरी जाऊन समजावलं, तर म्हणाली, “पेटी माझ्यावाणी ओरडली तरच येते.” तिच्या वयाच्या पोरीनं एवढं करारी असू नये. मला त्रास होतो.

तर पेटी आली, आवाजही आला. राहिलं होतं ते आवाज पेटीत घालणं. एका संध्याकाळचं काम, असं मी बायकोला सांगितलं.

पोरांना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. हातचे घेऊन वजाबाकी मी एकाच पोराला वर्षभर शिकवली आहे आणि एकदाही आवाज चढवला नाही. पण त्या आठवड्यात मी कॉम्प्युटरला काय काय बोललो, ते आमच्या विमलनं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि शेवटी दाराशी येऊन म्हणाली, “अहो, शेजारी लहान मुलं आहेत.”

पहिल्या संध्याकाळी मोबाईलची वायर कॉम्प्युटरला बसेना. दुसरी वायर आणली, ती बसली, पण कॉम्प्युटर मोबाईलला ओळख देईना. मग मोबाईलमधलं कार्ड काढून, ते वाचायचं यंत्र आणून, एकदाची फाईल कॉम्प्युटरवर घेतली. तीच कार्डावर घालून कार्ड पेटीत घातलं. पेटीचा लाल दिवा लुकलुकला. आवाज नाही.

पाखरं झोपायला गेली की मायाक्का आमच्याकडं येत असे. माझ्या शेजारी स्टुलावर बसून ती एका डोळ्यानं गणितं सोडवायची आणि दुसऱ्यानं पडद्याकडं बघायची. तिनंच पेटीच्या बुडावरची बारीक अक्षरं वाचली. पेटीला फक्त एमपीथ्री चालत होतं. माझ्या मोबाईलनं रेकॉर्ड केलेल्या फाईलच्या नावाच्या शेपटाला होतं एएमआर.

“म्हणजे काय गुरुजी?”

आता हे मी तिला कसं सांगणार? मलाच जेमतेम कळलं होतं. पण पोरानं विचारलं की मला सुचतं.

“हे बघ, ज्वारी आहे. माणसाला खायचीय. पण दाणे तसेच चावतील का?”

“नाही. दळावे लागतात.”

“मोबाईलनं दाणे दिलेत. पेटीला पीठ लागतं. ज्वारी तीच. नुसतं दळून द्यायचं.”

“मग गिरणी कुठाय?”

“गिरणी इंटरनेटवर फुकट मिळते,” मी मोठ्या ऐटीत म्हणालो.

त्या फुकटपणानं माझा जीव घेतला.

शोधलं, तर एक सोडून पन्नास गिरण्या निघाल्या. प्रत्येक पानावर हिरवीगार बटणं. इथं दाबा, इथं दाबा, इथंही दाबा. मी सगळ्यांत मोठं बटण दाबलं. बराच वेळ काहीतरी उतरत राहिलं. उतरलं तेव्हा ते गिरणीचं नव्हतंच. पडद्याच्या कोपऱ्यात सूर्याचं चित्र आलं आणि कुठल्यातरी परक्या गावाचं हवामान सांगू लागलं. दुसऱ्या बटणानं एक पत्त्यांचा खेळ आला. तिसऱ्यानं इंटरनेटचं नेहमीचं पान जाऊन त्याजागी एक हसरी बाई बसली, ती काही केल्या हलेना.

“ही कोण?” विमलनं विचारलं.

“मला काय माहीत!”

“मग घरात कशाला घेतली?”

मायाक्का वहीत तोंड घालून हसली.

पुढच्या संध्याकाळी खरोखरची गिरणी मिळाली. फाईल आत घातली, दळायला लावली. निम्मं दळण झालं आणि लाईट गेली. लाईट आली तेव्हा गिरणी म्हणाली, पहिल्यापासून करा. पहिल्यापासून केलं. या खेपेला दळण पूर्ण झालं. आम्ही दोघांनी श्वास रोखून ऐकलं. ‘हुर्रऽऽ हा!’ असं एकदा झालं आणि लगेच एक परदेशी बाई खणखणीत इंग्रजीत बोलू लागली. मग पुन्हा जरासं हुर्र, पुन्हा बाई.

“काय म्हणतीय ती?”

“पैसे भरा म्हणतीय. भरले की गप्प बसेन.”

“फुकट आहे म्हणला होता ना?”

“होतं!” मी टेबलावर हात आपटला. “होतं गं बाई!”

“भोरड्या उडतील पण तिला,” मायाक्का गंभीरपणानं म्हणाली. “कधी ऐकली नसेल त्यांनी.”

मला त्या मुलीचं फार कौतुक वाटायचं ते यासाठी. पण इंग्रजी बाई मी रानात जाऊ देणार नव्हतो. दगडूनं गावभर केलं असतं.

तिसरी गिरणी म्हणाली, माझ्याबरोबर आणखी एक गोष्ट उतरवून घ्या, त्याशिवाय तुमचे हे दाणे मला कळत नाहीत. ती गोष्ट शोधली. ती म्हणाली, आधी मला तिसरी गोष्ट लागते. रोज सकाळी बिराप्पा मेंढरं घेऊन शाळेवरून जाताना विचारायचा, “दळलं का गुरुजी?” ही दळणाची भाषा पोरीनं घरी नेली होती. मी नुसती मान हलवायचो. मागून मेंढरंही माझ्याकडं बघत जायची, असं मला वाटायला लागलं.

आणि मग एका संध्याकाळी, मी डोकं धरून बसलो असताना मायाक्का म्हणाली, “गुरुजी, नावाचं शेपूटच तेवढं वेगळं आहे ना? ते बदललं तर?”

“कसं बदलणार?”

फाईलचं नाव कसं बदलायचं ते मीच तिला दोन दिवसांपूर्वी शिकवलं होतं. तिनं एक बोट पुढं करून, एकेक अक्षर शोधत, शेवटची तीन अक्षरं पुसली आणि तिथं एमपीथ्री लिहिलं. पडद्यावर लगेच एक इंग्रजी चौकट आली. काहीतरी बजावत होती. त्या आठवड्यात अशा इतक्या चौकटी आल्या होत्या की मी वाचायचं सोडून दिलं होतं. ‘हो’ दाबलं.

चौकट गेली. फाईल एमपीथ्री झाली.

“वाजव,” मी म्हणालो. 

तिनं वाजवली. कॉम्प्युटरमधून मायाक्का खणखणीत ओरडली. राघूंची आरोळी, चिमण्यांची आरोळी, डबा, सटाका, सगळं. इंग्रजी बाई नाही, काही नाही. विमल लाटणं घेऊन बाहेर आली. मी मायाक्काची पाठ थोपटली आणि म्हणालो, “आठवडाभर गुरुजीला जमलं नाही ते तू एका बोटानं केलंस.” तिला एवढं खूष झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पेटी मात्र त्याआधीच बिराप्पानं नेऊन माळ्याला टांगून ठेवली होती, जागेची सवय व्हावी म्हणून. त्यामुळं कार्ड तेवढं कागदात गुंडाळून मी तिच्याबरोबर पाठवलं.

रेकॉर्डिंगच्या शेवटी तिचं-माझं बोलणंही त्यात राहिलं होतं. ते कापायचा विचार माझ्या मनात आला होता. पण कापायला म्हणे दुसरं सॉफ्टवेअर लागणार. मी कानाला खडा लावला. पाखरांना काय, शेवटी कोण काय बोललं त्याचं?

दुसऱ्या दिवशी मायाक्का शाळेत आली. केसांना तेल, वेणीला लाल रिबीन. तिनं सांगितलं, “आण्णा म्हणाले, कार्ड मी घालतो, तू शाळेला नीघ.”

संध्याकाळी पारावर बिराप्पा भेटला. “काय, बोलली का पेटी?”

“बोलली की,” तो म्हणाला. मिशीवरून हात फिरवला आणि दुसरीकडं बघायला लागला. मला वाटलं, शब्दात अडकला म्हणून ओशाळला असेल.

दगडू मात्र मोकळेपणानं म्हणाला, “गुरुजी, यंत्र भारी हाय. दिवसभर वरडतंय. माझ्या रानातली पाखरंबी उडत्यात. फकस्त आवाज जरा घोगरा हाय बघा.”

घोगरा?

मी घरी आलो. जेवताना विमलला म्हणालो, “आवाज घोगरा येतोय म्हणे.”

“मग?”

“मग काय मग! कॉम्प्युटरवर स्वच्छ होता. मायाक्काचा आवाज कसा, घंटेसारखा. म्हणजे कुठंतरी दर्जा उतरला.”

“पाखरं उडतायत ना?”

“उडतायत.”

“मग त्यांना काय गाण्याच्या बैठकीला बसायचंय? जेवा.”

पण मला चैन पडेना. माझ्या हातून गेलेली वस्तू अशी अर्धवट असावी हे मला सोसत नाही. फळ्यावरची रेघ वाकडी आली तर मी पुसून पुन्हा काढतो. त्यात रोज कुणीतरी तेच सांगायचं. मायाक्काही म्हणाली, “आण्णा म्हणतात, पेटी ब्येस आहे, आवाज जरा बसलाय.” तिनं स्वतः पेटी ऐकलीच नव्हती. परीक्षेच्या जादा तासांवरून ती सुटायची तेव्हा पाखरं झोपायला गेलेली असायची आणि पेटी घरी चार्जिंगला लावलेली. रविवारीही मी तिला बोलावत होतो.

मी बिराप्पाला म्हणालो, “कार्ड आणून दे. दुरुस्त करून देतो.”

“राहू द्या गुरुजी. हाय ते बरं हाय.”

“अरे, पण आवाज—”

“घोगरा तर घोगरा. थंडीचं दिवस हाईत.”

“पेटीला कसली थंडी?”

तो मेंढरांना हाक घालायला म्हणून वळला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मेंढरं त्याच्याबरोबर नव्हतीच. पण मी तेव्हा फाईलच्या दर्जाच्या विचारात होतो.

पुन्हा तेच सुरू झालं. हिरवी बटणं, हसरी बाई, परक्या गावाचं हवामान. पण आता मी शहाणा झालो होतो. मोठं बटण दिसलं की तिथून उठायचंच. असं करत करत एका साध्या, करड्या रंगाच्या पानावर पोचलो. तिथं एकच लहानसं बटण होतं. खाली लिहिलं होतं, की हे काही लोकांनी मिळून, सगळ्यांसाठी केलेलं आहे आणि कुणाला काही देणं लागत नाही. माझा विश्वासच बसेना. दाबलं. उतरलं. मोबाईलमधली मूळ फाईल त्यात घातली. आवाजाचा दर्जा किती हवा, असं त्यानं विचारलं. ‘सगळ्यांत वरचा’ असं मी सांगितलं, जवळजवळ ओरडून. त्यानं मुकाट्यानं दळून दिलं. ना बाई, ना पैसे.  इतके दिवस हे कुठं होतं?

शनिवार होता. सकाळची शाळा. मायाक्काला घरी आणून, सरावाची प्रश्नपत्रिका देऊन विमलच्या नजरेखाली बसवलं आणि नवीन कार्ड खिशात घालून मी मेटकऱ्यांच्या रानाकडं निघालो. बिराप्पाला विचारायचंच नाही, परस्पर कार्ड बदलायचं आणि यायचं, असं ठरवलं होतं.

ऊन तापलं होतं. ज्वारी डोक्याच्या वर गेली होती, कणसं मोत्यासारखी. दगडूच्या बांधावर पोचलो आणि ऐकू आलं.

“हुर्रऽऽ हा! हाऽ हाऽ हाऽऽ!”

मी उभाच राहिलो. इतके दिवस ज्याच्यासाठी डोकं फोडलं ते माझ्या कानांनी मी पहिल्यांदा ऐकत होतो. दूर माळ्याचा वरचा भाग दिसत होता, तिथं कुणी नव्हतं, मेढीला पेटी टांगलेली होती आणि तिचा लाल दिवा लुकलुकत होता. एक थवा घिरट्या घालत आला, खाली झेपावणार तोच पुन्हा आरोळी झाली आणि थवा वळला. 

पण घोगरा मात्र खरंच होता! लोक म्हणत होते त्याहून वाईट. वरच्या पट्टीत आवाज फाटत होता. राघूंच्या आरोळीचं तर पार भजं झालं होतं. आणि मध्ये मध्ये एवढा वेळ शांतता का? मूळ रेकॉर्डिंगमध्ये तर नव्हती. सगळं दळण बिघडलंय, मी मनाशी म्हणालो, आणि चिडून खिशातलं कार्ड चाचपत बांधावरून भराभर चालू लागलो.

“हाऽ हाऽऽ हुर्र—”

आणि पेटी खोकली.

मी थांबलो.

पेटी पुन्हा खोकली. चांगली छातीतून. मग तिनं घसा खाकरला. मग ती थुंकली.

ज्वारीची ताटं बाजूला सारत मी माळ्यापाशी गेलो. माळ्याच्या खाली, सावलीत, पोत्यावर बिराप्पा मेटकरी मांडी घालून बसला होता. शेजारी पाण्याची कळशी, मांडीवर गोफण. त्यानं डोळे मिटले, तोंडाभोवती दोन्ही हातांचा कर्णा केला, मिशा थरथरल्या आणि त्या पहाडासारख्या माणसाच्या गळ्यातून चिरका, पोरीसारखा आवाज निघाला, “हुर्रऽऽ हा!”

“बिराप्पा!”

तो दचकून उठला, माळ्याच्या फळीला डोकं आपटलं. “हळू! हळू बोला गुरुजी. दगडू पलीकडच्याच रानात हाय.”

“हे काय चाललंय?”

“बसा. खाली बसा आधी, दिसाल.”

मी बसलो. दोन कर्ते पुरुष ज्वारीत दडून बसलो होतो, चोरासारखे.

“माझ्या हातनं पडली वो,” तो पेटीकडं बोट करून म्हणाला. चेहरा एवढासा झाला होता. “पयल्याच दिवशी. कार्ड घातलं, मेढीला अडकवाय गेलो, निसटली. तवापासनं दिवा लागतोय, पण तोंड उघडत न्हाई. तुमी हौसंनं आणली, आन् मी मोडली.”

“मग मला सांगायचं!”

“सांगितलं असतं. मग तुमी पोरीला सांगणार. तुमाला खोटं बोलाय येत न्हाई. आन् तिला कळलं की दप्तर टाकून ती हितं. तुमी वळखत न्हाई का तिला? रिबीन बांधून गेली त्या दिशी. मागं बघितलंसुदीक न्हाई.”

“आणि मेंढरं?”

“भावाच्या कळपात घातल्यात.”

“अरे, पण हा असा आवाज कशासाठी?”

“मग काय माझ्या आवाजात वरडू? दगडू म्हणंल, पेटीला मिशा फुटल्या.” त्यानं गळ्यावरून हात फिरवला. “लई अवघड काम हाय गुरुजी. मेंढरं परवडली. घसा पार सोलून निघालाय. आन् ही पोर रोज दिवसभर...”  वर एक थवा आला होता. त्यानं मला हातानं थांबवलं, डोळे मिटले आणि पुन्हा ती चिरकी आरोळी ठोकली.

मी उठून पेटी काढली. फिरवून बघितली. कुठं चीर नाही, खोक नाही. खाचेतलं जुनं कार्ड काढलं, खिशातलं नवीन घातलं आणि बटण दाबलं.

“हुर्रऽऽ हा! हाऽ हाऽ हाऽऽ हुर्रऽऽ!”

मायाक्काचा आवाज रानावर असा गेला की बिराप्पा दोन पावलं मागं सरला. राघूंची आरोळी, चिमण्यांची आरोळी. बाभळीवरचं सगळं उडालं.

“म्हंजी मोडली न्हवती?”

“नाही.”

“मग तवा का बोलली न्हाई?”

मी हातातल्या जुन्या कार्डाकडं बघितलं. एका बोटानं पुसलेली तीन अक्षरं आठवली. न वाचता ‘हो’ म्हटलेली चौकट आठवली. कॉम्प्युटरला काय, तो आतलं ओळखून दाणे चावून खातो. पेटीला दात नव्हते.

“पोत्यावर ‘पीठ’ असं लिहिलं होतं आम्ही,” मी म्हणालो. “आत ज्वारीच होती.”

कॉम्प्युटरकडं मी आठवडाभर जसा बघत होतो, तसा तो माझ्याकडं बघत राहिला.

तेवढ्यात पेटीतला डबा वाजायचा थांबला, गोफणीचा सटाका झाला, आणि मायाक्कानं घसा खाकरला. माझ्या ध्यानात यायच्या आत पेटी साऱ्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “गुरुजी, एवढं बास? मग मी उद्यापासून येऊ ना शाळेत?”

बिराप्पानं मान वर केली.

“थांब गं,” पेटीतून मी खेकसलो, “आधी हे बंद कुठनं होतंय ते बघू दे!”

मग खरखर, आणि पहिल्यापासून हुर्रऽऽ.

बिराप्पा पटक्याच्या सोग्यानं तोंड पुसत राहिला. एवढा घाम आला होता, की काय, मी बघितलं नाही. आरोळ्या झाल्या, डबा झाला, सटाका झाला. पोरीनं पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा तिच्यावर खेकसलो.

“असं काय करता गुरुजी,” बिराप्पा बसलेल्या घशानं म्हणाला. “विचारतीय ती. हो म्हणा की.”

मी पेटी मेढीला अडकवली, नीट, दोन गाठी मारून. बांधाकडं निघालो. दगडू आपल्या रानातून मान उंच करून बघत होता. “गुरुजी, दुरुस्त केली वाटतं! घसा सुटला तिचा!”

मी हात हलवला. मागं डबा वाजत होता. सटाका झाला. घसा खाकरल्याचं ऐकू आलं, म्हणून मी थांबलो आणि वळलो.

“मग मी उद्यापासून येऊ ना शाळेत?”

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधीच ज्वारीतून उत्तर आलं. मेंढरं थांबवणाऱ्या आवाजात, अख्ख्या रानाला ऐकू जाईल असं.

“व्हय गं, मायाक्का!”